रेंगाटोल्याचा मुका भोंगा

१. नीलाबाईची झोपडी

रेंगाटोल्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा मार्कंड्याच्या देवळात पुजाऱ्याने आरतीची वेळ झाली समजून ताट उचललं, असं सांगतात. कुठे अहेरीच्या जंगलातला रेंगाटोला आणि कुठे मार्कंडा, पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार. हत्ती तर असे माघारी वळले म्हणे, की त्यांच्या सावल्या मागेच राहिल्या आणि उन्हं वर आल्यावर धापा टाकत त्यांना जाऊन मिळाल्या.

दुसऱ्या खेपेला तोच भोंगा गप्प बसला.

नाल्यापलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ज्योत्स्ना बोरकुटे उभी होती, आणि तिच्यासमोर पहाटेपर्यंत जिथे झोपडी होती ती जागा होती. कुडाच्या भिंती लाटून भुईला चिकटवल्यासारख्या. शेजारी धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचा माणसाच्या डोक्यावर जाणारा ढीग. अर्धं खाल्लेलं, अर्धं तुडवलेलं. चिखलात परातीएवढे गोल ठसे, आणि त्यांत दव साचून आभाळ दिसत होतं.

"मी इथीच झोपून होती," नीलाबाई म्हणाली. तिच्याच मालकीचं हे सगळं. "पहाटे बोडीच्या पाण्यावर गेली लोटा घेऊन, म्हणून वाचली. पोट बिघडलं नसतं तं आतापर्यंत माया फोटोले हार पडला असता."

"भोंगा वाजलाच नाई?"

"वाजला असता तं तुले चंद्रपुरावरून बोलावली असती काऊन? लुगडं दाखवाले?"

ज्योत्स्नाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. चंद्रपुरात टायरच्या दुकानावरच्या माडीत एक छोटीशी कंपनी होती. निकेश तिचा मालक, प्रफुल सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि लिहिलेलं बिघडलं की का बिघडलं ते हुडकणारी ज्योत्स्ना. हत्तींचा इशारा देणारी ही व्यवस्था त्यांचीच.

ती अशी होती. बांबूच्या रानातून हत्ती ज्या वाटेने उतरतात तिथे जमिनीत यंत्रं पुरलेली. हत्तीच्या पावलाचा धक्का बसला की यंत्राने निरोप धाडायचा. प्रफुल आपला सगळा कोड ज्या सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मवर ठेवायचा, तिथेच त्याने या निरोपासाठी एक दार करून ठेवलं होतं. यंत्राने दाराशी किल्ली दाखवायची, दाराने निरोप आत घ्यायचा, प्लॅटफॉर्मने 'हत्ती आले' नावाचं प्रकरण उघडायचं, आणि प्रकरण उघडलं रे उघडलं की दुसरा निरोप सुसाट गावातल्या भोंग्याला. कुणी विचारील याची वाट बघायची नाही. घडलं की आपण होऊन धावत जाऊन सांगायचं. याला त्यांच्या धंद्यात वेबहूक म्हणतात.

आज पहाटे हा धावणारा कुठेतरी वाटेतच बसला होता.

"कळप कुठी गेला?" ज्योत्स्नाने विचारलं.

नीलाबाईने हनुवटीनेच दाखवलं. नाल्याच्या वर बांबूचं दाट रान होतं. "तिथीच हाय. दिवसभर झोपतीन, सांजच्याले राहिलेलं खायाले येतीन. ते दुसरं पुंजणं दिसते ना? वर्षाचं खाणं हाय माया घरचं. मी त्याच्यापाशी बसन."

"बाई, हत्ती आले तं?"

"तुया भोंगा वाजला तं पळन. नाई वाजला तं नाई पळन." नीलाबाईने पदर खोचला आणि शाबूत पुंजण्याला टेकून खरोखरच बसकण मारली. "आता तूच पाह्य."

२. प्रफुलची किल्ली

प्रफुल नेटवर्कच्या झाडावर होता.

रेंगाटोल्यात माणसांचा फोन लागायचा तो एकाच ठिकाणी, नाल्याकाठच्या ऐनाच्या झाडावर, वरच्या फांदीवर. भोंग्याच्या खोक्याला शाळेच्या छतावर उंच अँटेना होता, त्याची चैन होती. बाकीच्यांनी चढायचं. गावाच्या बसण्याने ती फांदी इतकी गुळगुळीत झाली होती, की माकडं तिच्यावरून घसरून पडत आणि लाजून दुसऱ्या गावाला जात.

"खाली ये," ज्योत्स्ना म्हणाली.

"निकेशभाऊले फोन लावून राह्यलो बाई."

"त्याले मी सांगन. मागच्या आठवड्यात किल्ली बदलली कोणी?"

वर प्रफुलच्या गालातला तंबाखूचा खर्रा हलायचा थांबला. ज्योत्स्नाने सकाळी निघण्याआधीच प्लॅटफॉर्मच्या नोंदीत पाहिलं होतं: दाराची किल्ली बदललेली, बदलणारा प्रफुल, आणि कंपनीत कुणालाही पत्ता नाही.

तो उतरला. उतरता उतरता त्याचा चेहरा वयाने लहान होत गेला.

"मीच बदललो. जुनी किल्ली क्रिकेटच्या ग्रुपवर पडली होती. स्क्रीनचा फोटो टाकला, त्याच्यात दिसून राह्यली होती. कोणाच्या ध्यानात याच्या आंधी बदलून टाकली."

"आणि जंगलातल्या यंत्रात नवी टाकली?"

"टाकली."

"सगळ्यात?"

प्रफुलने नाल्याकडे पाहिलं. "सगळ्यातच टाकली असन."

"असन म्हणजे?"

"पाऊस होता बाई. जळवा होत्या."

झालं. एखाद्या यंत्रात जुनी किल्ली राहिली असणार, ते पहाटे दाराशी आलं असणार, आणि दाराने त्याला ओळखत नाही म्हणून हाकललं असणार. चोर इतक्या लवकर आणि इतका घामाघूम सापडलेला ज्योत्स्नाने आजवर पाहिला नव्हता.

"मले काढतीन का बाई?"

"आधी पाहू दे," म्हणून तिने पदर आवळला, फोन दातात धरला आणि झाडावर चढली. फांदीवर बसून तिने प्लॅटफॉर्म उघडला. नाकारलेल्या निरोपांची यादी काढली. यादी रिकामी.

तिने पुन्हा पाहिलं. मग आत घेतलेल्या निरोपांची यादी काढली, आणि तिथे तो होता. आज पहाटेचा. किल्ली बरोबर, दाराचं उत्तर: मिळालं.

प्रकरणांच्या पानावर 'हत्ती आले' अशी एक ओळ होती. एकच. तिच्या कडेला एक बारकासा आकडा होता, पण त्याच वेळी फांदी कचकली आणि ज्योत्स्नाचं सगळं लक्ष बुंध्याला मिठी मारण्याकडे गेलं.

"प्रफुल," ती वरून म्हणाली, "तू वाचला. निरोप पोचला होता."

"मंग भोंगा काऊन नाई वाजला?"

तेच तर. प्लॅटफॉर्मला पहाटेच कळलं होतं की हत्ती आले. कळलं होतं, आणि त्याने तोंड मिटून घेतलं होतं.

३. भोंग्याच्या तोंडातला बोळा

शाळेकडे जाणाऱ्या पायवाटेवर ज्योत्स्ना जवळजवळ पळतच होती. इतक्यात कुणीतरी तिच्या दंडाला धरून असं मागे ओढलं, की तिची चप्पल पुढे गेली आणि ती मागे राहिली.

"पाय नका देऊ तिथी," ओढणारा म्हणाला.

वाटेच्या मधोमध पळसाच्या पानांचा एक द्रोण उपडा ठेवलेला होता, भोवती गोटे मांडलेले. त्याच्याखाली जुना, वाळून घट्ट झालेला हत्तीचा ठसा होता. कड तेवढी बाहेर दिसत होती. सगळं गाव त्या द्रोणाला वळसा घालून जात असावं, कारण बाजूने गवत तुडवून नवी वाट पडली होती.

"माफ करा भाऊ. तुमी?"

"झिंगू. भोंगा याच्या आंधी गावाचा भोंगा मीच होतो."

झिंगूच्या ढोलाची कीर्ती मोठी. त्याने एकदा ढोल वाजवला तर वाघाने धरलेलं बोकड सोडून दिलं आणि बोकडाने वाघाची चौकशी केली, अशी त्याचीच माहिती होती. पण ढोल वाजवायला आधी हत्ती दिसावे लागतात, आणि नाल्यापलीकडच्या बांबूत हत्ती दिसतो तो सोंड अंगावर आल्यावरच. म्हणून गावाने भोंगा घेतला, आणि झिंगूचा ढोल खुंटीला लागला.

प्रफुल शिडी लावून शाळेच्या छतावर गेला, आणि तिथून त्याचा आवाज आला, "बाई, सापडलं. भोंग्याच्या तोंडात बोळा हाय."

खाली माणसं जमली. प्रफुलने बोळा ओढून खाली टाकला. सगळ्यांच्या नजरा बोळ्यावरून आपोआप झिंगूच्या मिशांवर गेल्या.

"मले काय पाहता?" झिंगू म्हणाला, पण त्याच्या मिशा खाली आल्या.

"तुलेच पाहून राह्यलो," गर्दीतून कुणी बोललं. "नीलाबाई मेली असती, माहीत हाय का तुले?"

आता पोलीसपाटलाला बोलवा, गावाबाहेर काढा, ढोल जाळा, असं सुरू झालं. ज्योत्स्ना बोळ्याजवळ उकिडवी बसली. गोधडीचा फाटका तुकडा होता तो. हिरव्या काठाचं ठिगळ, त्याला चिखल, आणि चिखलात धानाची लोंबी. तिने तो उचलला आणि नाला ओलांडून सरळ नीलाबाईकडे गेली. गर्दी मागोमाग, तमाशा सोडून कोण घरी जाणार.

"नीलाबाई, हे कोणाचं?"

"माया गोधडीचं ठिगळ." नीलाबाईने झोपडीच्या ढिगातून उरलेली गोधडी ओढून काढली. एक कोपरा टराटरा फाडून नेलेला होता. "मेल्यानं गोधडी नाई सोडली व."

"पहाटे तुमी बोडीवर गेल्या तवा गोधडी कुठी होती?"

"झोपडीत. बोडीवर गोधडी पांघरून जाते का कोणी?"

"आणि फाटली होती?"

"फाटली असती तं मले थंडी वाजली असती."

ज्योत्स्ना गर्दीकडे वळली. "म्हंजे हत्ती आले, झोपडी पडली, त्याच्या नंतर हा तुकडा कोणी फाडला. त्याच्यावर हत्तीच्या पायाचा चिखलही हाय. बोळा भोंग्यात गेला तो भोंगा मुका झाल्यावर. झिंगूभाऊ, मेलेल्याच्या तोंडात बोळा कशाले कोंबला?"

झिंगूने खाली पाहिलं. मग वर. मग त्याला बहुधा वाटलं की खरं बोललेलंच कमी लाजेचं.

"तुमी चंद्रपूरचे लोक येणार, टेस्ट करणार म्हणून ऐकलो. तुमी बटन दाबलं असतं, तो गप्प राह्यला असता, अन् गाव म्हणलं असतं, झिंग्याचा ढोलच बरा होता."

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, नीलाबाई सोडून. तिने झिंगूला गोधडी शिवून द्यायची शिक्षा तिथल्या तिथे फर्मावली.

हसू पुरतं ओसरलं नव्हतं तोच वरच्या रानात बांबू फुटल्याचा आवाज आला. एक. मग जरा खाली, दुसरा. कळप जागा झाला होता, आणि ऊन तर अजून झाडांच्या डोक्यावर होतं.

४. दुर्गाचं बटन

राहिली दुर्गा मडावी. गावाच्या फोनची जबाबदारी तिच्यावर होती. भोंगा वाजला की फोनवरही प्रकरण दिसायचं, आणि झाडावर चढून त्याची दखल दुर्गाने घ्यायची, असं ठरलेलं. प्रफुलने तिला शिकवलं होतं आणि ती त्याच्यापेक्षा चपळ चढायची.

दुर्गा अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. ज्योत्स्नाला पाहून तिने सुपाचा वेग वाढवला.

"आज पहाटे फोनवर काई आलं?"

"नाई."

"तू काई बंद केलं होतं?"

"मी काऊन बंद करू? माया मायची बांधी नाई का नाल्यापल्याड?"

"पहिल्या खेपेले भोंगा वाजला, तवा तू काय केलं ते सांग."

"झाडावर चढली. 'दखल घेतली' दाबली. उतरली."

"मंग?"

"मंग काई नाई." सूप जोरात हललं.

"त्याच्या खाली अजून एक बटन हाय."

"हाय."

"'प्रकरण मिटले.' ते दाबलं?"

सूप थांबलं. दुर्गाने अंगणापलीकडे, पायवाटेच्या दिशेने पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाली, "ते मी नाई दाबत."

"काऊन वं?"

"मिटलं नाई ना बाई. मिटलं कसं म्हणू? पोचूभाऊ अजून बोलले नाई."

ज्योत्स्ना उभी होती ती तिथेच, धानाच्या भुशात, मटकन बसली. हत्ती दोनदा आले, आणि पानावर ओळ एकच. कडेला बारकासा आकडा. वाटेवर उपडा द्रोण.

"पोचूभाऊ कुठी हायत?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत ती उठून पळाली होती. चप्पल अजून एकच होती.

५. न मिटलेलं प्रकरण

पोचूभाऊ गावाचा भूमिया. देवाचं, मातीचं, पेरणीचं, सगळं तोच बघायचा. वय इतकं, की नाल्याकाठचा ऐन त्याला भाऊ म्हणायचा. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, सावलीत गाव त्याच्याभोवती जमलं होतं, कारण भोंगा ठेवायचा की उखडून चंद्रपूरला परत द्यायचा हे आता ठरवायचं होतं.

"ठरवा मंग," ज्योत्स्ना धापा टाकत म्हणाली, "पण आधी मले सांगा. हत्तीचा पहिला ठसा तुमी झाकून ठेवला. तो कवा उघडता?"

पोचूने तिच्याकडे नीट पाहिलं. "नवा तांदूळ शिजला का त्या ठशापाशी ठेवतो. हत्तीले म्हणतो, आलास, खाल्लास, आता जा. तवा तो गेला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तो आलेलाच हाय. गेला म्हणाचं नाई. जो म्हणन गेला, तो त्याले वापस बोलावते. या गावची रीत हाय ही, दुसऱ्याची नाई माहीत."

"म्हणून दुर्गानं बटन नाई दाबलं."

"मी सांगतलं नवतं तिले," पोचू म्हणाला. "पण बरोबर केलं पोरीनं."

ज्योत्स्ना गावाकडे वळली. आता तिचे डोळे असे चमकत होते, की दिवसाउजेडी कुणाला ते काजवे वाटावेत.

"ऐका मंग. आमचं हे सॉफ्टवेअर पहिले बनलं गडचांदूरकडच्या एका खाणीसाठी. तिथी दगड वाहून नेणारा पट्टा अडकला की भोंगा वाजे. पट्टा अडकून राह्यला की यंत्र घडीघडीले निरोप धाडे, अन् दिवसभर भोंगा वाजे. लोक पागल झाले. म्हणून या प्रफुलनं एक नियम लावला. एकच निरोप पुन्हा आला, अन् पहिलं प्रकरण मिटलेलं नसन, तं नवं प्रकरण उघडाचं नाई. जुन्याच ओळीपुढं आकडा वाढवाचा, अन् गप्प राहाचं. भोंगा वाजते तो फक्त नवं प्रकरण उघडलं तं."

"खाणीवरचा फोरमन चहा प्याच्या आंधी 'मिटले' दाबते," प्रफुल हळूच म्हणाला. त्याला आता सगळं दिसत होतं, आणि दिसायला नको होतं.

"आणि इथी दुर्गा नाई दाबत. म्हंजे आज पहाटे यंत्र धावत आलं, म्हणालं, हत्ती आले. प्लॅटफॉर्म म्हणाला, माहीत हाय ना बाबा, तो तं आलेलाच हाय, गेला कुठी. आकडा वाढवला, अन् झोपला."

मग झिंगू म्हणाला, "म्हंजे चोर कोणीच नाई?"

"हाय ना. त्या बटनावर काय लिहाचं ते ज्यानं गावाले न विचारता ठरवलं, तो चोर. आमी."

"सोपं हाय मंग," प्रफुल उठला. "मी झाडावर चढतो, मीच 'मिटले' दाबतो. दुर्गाले दाबाची गरजच नाई. पुढचा निरोप आला का नवं प्रकरण, अन् भोंगा वाजन."

"नाई," दुर्गा म्हणाली. ती सूप हातात घेऊनच आली होती. "तुमी दाबलं तरी आमच्या गावच्या नावानं दाबलं. हत्ती वरती बसले हायत, अन् तुमी म्हणता गेले."

"दुर्गा, नीलाबाई बसली हाय तिकडे."

"माहीत हाय. म्हणूनच म्हणून राह्यली."

वाद भडकला. अर्धं गाव म्हणे दाबा, अर्धं म्हणे हात लावाल तर हात तोडू. ऊन झाडांच्या कमरेपर्यंत उतरलं. पोचूने काठी आपटली.

"म्याडम, तुमची मशीन काय म्हणते? हत्ती हाय का गेला?"

"हाय म्हणते."

"खरं म्हणते का खोटं?"

ज्योत्स्नाने कान दिला. वरच्या रानात बांबू फुटत होता. प्रकरण मिटलंच नव्हतं. अख्ख्या व्यवस्थेत दोघेच खरं बोलत होते, एक भूमिया आणि एक प्लॅटफॉर्म, आणि दोघांनाही खोटं बोलायला लावायला ती निघाली होती.

"खरं म्हणते," ती म्हणाली. "प्रफुल, बटनाले हात लावू नको. नियम बदल. प्रकरण उघडं राहू दे. पण जितक्या वेळा निरोप येईन तितक्या वेळा भोंगा वाजला पाहिजे."

"नवा वेबहूक लावा लागन. आकडा वाढला की भोंग्याले निरोप."

"मंग बसला काऊन? चढ."

६. फांदीवरून

प्रफुल लॅपटॉप पाठीला बांधून ऐनावर चढला तेव्हा नाल्यात संध्याकाळचं धुकं शिरायला लागलं होतं. झाडाखाली ज्योत्स्ना, दुर्गा, आणि ढोल गळ्यात अडकवलेला झिंगू. पलीकडे बांधीत, पुंजण्याला टेकून, नीलाबाई. ती हातात कोयता घेऊन बसली होती, जणू हत्ती कापणीलाच येणार होते.

"पत्ता टाकला का भोंग्याचा?" ज्योत्स्नाने खालून विचारलं.

"टाकलो."

"किल्ली?"

"टाकून राह्यलो. नेटवर्क गेलं."

"वर सरक."

पानं सळसळली. "आलं. एक काडी."

"कशावर वाजवाचं ते निवडलं? प्रकरण उघडल्यावर नाई, आकडा वाढल्यावर."

"निवडलो. बाई, लॅपटॉपची बॅटरी लाल झाली."

"तू लाल नको होऊ. सेव्ह कर."

वर चाक फिरत असणार. बांबूचा आवाज थांबला होता, आणि आवाजापेक्षा ते थांबणंच जास्त भीती घालत होतं. हत्ती एवढा मोठा, पण ठरवलं तर मांजर लाजेल असा चालतो.

"सेव्ह झालं," प्रफुल म्हणाला.

आणि शाळेच्या छतावर भोंगा फुटला.

पाखरं झाडांसकट उडतील की काय असं वाटलं. ज्योत्स्नाने दोन्ही हात वर केले. "वाजला. टेस्ट झाली."

वरून प्रफुलचा आवाज आला, अगदी बारीक. "बाई, मी टेस्ट दाबलोच नाई अजून."

मग दुर्गाने सूप टाकलं आणि नाल्यात उडी घेतली.

ज्योत्स्ना तिच्या मागे, अनवाणी, कारण दुसरी चप्पल तिने आता स्वतःच फेकली. मागून झिंगूचा ढोल सुरू झाला, शाळेच्या दिशेने पळत जाणारा, म्हणजे धुक्यात चुकलेल्याला गाव कुठल्या अंगाला ते कळावं. भोंगा थांबला, आणि लगेच पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. रानात एकेक पाऊल पडत होतं, आणि एकेक पाऊल धावत येऊन सांगत होतं. बांध्याबांध्यांतून माणसं निघाली, पोरं काखेला, गाडगी डोक्यावर, कुणाच्या हातात उकळता चहा तसाच.

नीलाबाई उठली होती, पण पळत नव्हती. कोयत्याने भराभर पेंढ्या ओढून ती लुगड्यात बांधत होती.

"बाई, सोडा."

"एक गठ्ठा नेते."

"भोंगा वाजला तं पळन म्हणाल्या होत्या तुमी."

"पळूनच तं राह्यली," नीलाबाई म्हणाली आणि गठ्ठ्याची गाठ मारायला वाकली.

दुर्गाने गठ्ठा उचलला. ज्योत्स्नाने नीलाबाईला उचललं. म्हणजे उचललं असं गाव सांगतं. ज्योत्स्ना म्हणते हाताला धरून ओढलं. नाल्याच्या अलीकडे पोचून त्या वळल्या तेव्हा धुक्यातून पहिला हत्ती बांधीत उतरत होता. राखी, ओला, गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच. त्याने नीलाबाई बसली होती ती जागा सोंडेने हुंगली. मग ती जागा त्याने पायाखाली घातली आणि पुंजण्याला तोंड लावलं. त्याच्यामागून बाकीचे आले, पिल्लं मधे घालून.

दोन हत्तिणी नाला ओलांडून ऐनाच्या झाडाखाली अंग घासायला थांबल्या. वर प्रफुलने डोळे मिटून फांदीला मिठी मारली होती. लॅपटॉपची बॅटरी तेवढ्यात संपली, हे त्याच्या दृष्टीने बरंच झालं, कारण तो चमकायचा थांबला.

शाळेच्या ओट्यावर सगळं गाव उभं होतं. पोचूभाऊने डोकी मोजली नाहीत, नावं घेतली, आणि प्रत्येक नावाला ओ मिळाली. मग तो दुर्गाकडे वळला, हातातली काठी तिच्याकडे दिली आणि म्हणाला, "धर जरा. मले बसाचं हाय." भूमियाची काठी रेंगाटोल्यात याआधी दुसऱ्या कुणी धरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पलीकडे धान चावल्याचा आवाज येत होता. नीलाबाई ओट्याच्या कडेला उभी राहिली, आणि तिने हत्तींना त्यांच्या आईबापांपासून सुरुवात करून, सोंडेपासून शेपटीपर्यंत, नावनिशीवार शिव्या घालायला घेतल्या. मग निकेशला, ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं. मग सरकारला. मग प्रफुलला, जो झाडावर असल्यामुळे त्याला सगळं स्पष्ट ऐकू जात होतं.

"नीलाबाई," ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, तुमी तरी जित्या हाव ना."

"हाव ना," नीलाबाई म्हणाली. "म्हणूनच तं बोंबलून राह्यली."

आणि ती पुन्हा सुरू झाली. त्या संध्याकाळी रेंगाटोल्यात तिला गप्प बस असं कुणीही म्हटलं नाही.